आप्पांबरोबर पाण्यावर : श्प्रेवाल्ड, लाउझित्सची तळी आणि ओडर

आई-आप्पा सांगलीहून तीन महिन्यांसाठी बर्लिनला आले तेव्हा आमच्या डोक्यात नेहमीची यादी होती, प्राग, स्वित्झर्लंड, पॅरिस वगैरे. आप्पा म्हणाले, बाई, मला विमानतळ आणि रांगा नकोत, तू राहतेस त्या जागेचं पाणी कुठून येतं ते दाखव. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय मागणार. बर्लिनभोवती ब्रांडेनबुर्ग राज्य पसरलंय आणि त्यात तीन हजारांच्या वर तळी आहेत, म्हणून ठरवलं की लेकीला, मनूला, सुट्टी लागली की आठ-नऊ दिवस फक्त पाण्याच्या कडेने फिरायचं. २०२३च्या मेपासून ४९ युरोचं महिन्याचं तिकीट सुरू झालं होतं, देशभर लोकल आणि रिजनल गाड्या त्यावर चालायच्या, तेच सगळ्यांचं काढलं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. २०१९च्या पुरात आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आई-आप्पा दोन रात्री गच्चीवर होते आणि मग त्यांना रबरी बोटीतून काढलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. तेव्हापासून आप्पा बोटीत बसले नव्हते, घाटावरसुद्धा जात नव्हते. लहानपणी रोज नावेतून शाळेला जाणारा माणूस. मी काही बोलले नव्हते, पण मनात होतं.

शनिवार, १५ जुलै

बर्लिनहून श्प्रेवाल्डमधलं ल्युब्बेनाऊ गाव तासाभरावर. सकाळपासूनच उकाडा होता, गाडीत सायकलींची ही गर्दी. स्टेशनवर उतरल्यावर आप्पांनी पहिलं काय पाहिलं तर पाटी, त्यावर दोन नावं, ल्युब्बेनाऊ आणि खाली लुब्न्यॉव. दुसरं नाव सोर्बियन भाषेतलं. सोर्ब म्हणजे इथले स्लाव लोक, जर्मन यायच्या आधीपासूनचे, त्यांची भाषा पोलिश-चेकच्या नात्यातली आणि अजून शाळेत शिकवतात. आपल्याकडे बेळगाव-निपाणीकडच्या पाट्या बघत मोठं झालेल्या माणसाला हे लगेच लागतं, आप्पा बराच वेळ पाटीपाशी थांबले.

श्प्रेवाल्ड म्हणजे नेमकं काय ते नकाशाशिवाय कळत नाही. श्प्रे नदी इथे येऊन एकदम सपाट जमिनीवर पसरते, उतार जवळजवळ नाहीच, म्हणून ती शेकडो फाट्यांत फुटते आणि पुढे पुन्हा एक होते. समुद्रापासून लांब, जमिनीच्या मधोमध असलेला त्रिभुज प्रदेशच म्हणा ना. हिमयुग संपताना बर्फ वितळून वाळू साठली तिचा हा परिणाम. या फाट्यांना इथे फ्लीस म्हणतात. काही नैसर्गिक, काही माणसांनी खणलेले, सगळे मिळून दीड हजार किलोमीटरच्या आसपास. १९९१मध्ये युनेस्कोने याला बायोस्फिअर रिझर्व्हचा दर्जा दिला.

धक्क्यावर लांब चपट्या होड्या रांगेने उभ्या होत्या, काहान म्हणतात त्यांना. मध्ये टेबलं, त्यावर टेबलक्लॉथ, दोन्ही बाजूंना बाकं, आणि मागे उभा राहून नावाडी लांब लाकडी काठीने तळ रेटत नेतो. मोटर नाही. आप्पा म्हणाले तुम्ही जाऊन या, मी बसतो इथे झाडाखाली. आई काही बोलली नाही, तिने फक्त पिशवी हातात घेतली आणि त्यांच्या शेजारी बसली, म्हणजे तीही जाणार नाही. मग मनू नावाड्याजवळ गेली आणि जर्मनमध्ये विचारलं पाणी किती खोल आहे. त्याने काठी सरळ पाण्यात उभी केली, वर काढून ओली खूण दाखवली, त्याच्या कमरेच्या थोडी वर. आप्पांनी ती खूण पाहिली. उठले आणि चढले. बस्स.

पुढचे दोन तास मी कसे सांगू. एर्ले नावाची झाडं दोन्ही काठांवर, मुळं पाण्यात, वर फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली हिरवा अंधार आणि काठी पाण्यात शिरल्याचा तेवढा आवाज. गडद निळ्या पट्ट्याच्या पंखांच्या टाचण्या, चतुरांच्या नात्यातले किडे, होडीच्या कडेवर येऊन बसत होत्या. राखी बगळा हलला नाही. एका वळणावर खंड्या गेला, निळी रेघ फक्त, आईने पहिल्यांदा पाहिला. मध्ये लेडे नावाचं गाव लागतं, तिथे घराच्या अंगणातच धक्का आणि धक्क्याला होडी, आपल्याकडे मोटरसायकल लावतात तशी. लाकडाची घरं, वर बोरूचं जाड शाकारलेलं छप्पर, आणि छपराच्या टोकाला दोन लाकडी साप एकमेकांवर तिरके, डोक्यावर मुकुट. घराची राखण करणारा साप. आई म्हणाली, नागपंचमी आलीच की आता.

आप्पांनी तासाभराने पहिलं वाक्य उच्चारलं. एका फाट्यावर छोटा बंधारा होता, लाकडी फळ्या खाचांत बसवून पाणी अडवलेलं. म्हणाले, बरगे आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, अगदी तसेच. आणि मग थांबेचनात, कुठे पातळी राखायची, कुठे सोडायचं, हे सगळं फळ्या चढवून-उतरवून चालतं, नाहीतर हे जंगल एका उन्हाळ्यात कोरडं पडेल असं सांगत राहिले. नावाडीही मान हलवत होता, मी भाषांतर करून करून दमले.

जेवायला उकडलेले बटाटे, क्वार्क म्हणजे चक्क्यासारखं ताजं चीज, आणि त्यावर पिवळंधमक तेल. इथलं रोजचं खाणं. आईने वास घेतला आणि म्हणाली हे जवस आहे. होतंच जवसाचं तेल. आमच्याकडे जवसाची चटणी भाकरीबरोबर, इथे तेल बटाट्याबरोबर. आईने दोन वेळा मागून घेतलं.

रविवार

आज पॅडलची बोट भाड्याने घेतली, मी, नवरा आणि मनू. आई-आप्पा चालत लेडेला, दोनेक किलोमीटर, पायवाट आणि लाकडी कमानीचे पूल, खालून होड्या जाव्यात म्हणून उंच बांधलेले.

वाटेत लॉक लागतात, जर्मनमध्ये श्लॉयझे. दोन दारांच्या मध्ये बोट घालायची, मागचं दार लावायचं, पुढच्या दाराची छोटी झडप हाताने फिरवून पाणी सारखं करायचं, मग दार उघडायचं. सुट्टीत गावातली शाळकरी मुलं लॉकवर थांबतात, दार चालवून देतात आणि खाली डबा धरतात, त्यात नाणं टाकायचं. मनूला ते इतकं आवडलं की तिने एका मुलीबरोबर चार बोटी काढून दिल्या, आम्ही काठाला बांधून बसलो. त्या मुलीने तिला निम्मी कमाई देऊ केली. मनूने एक नाणं घेतलं, ते अजून कंपासमध्ये आहे.

काकड्यांबद्दल लिहायलाच हवं. श्प्रेवाल्डची काकडी म्हणजे बरणीतली आंबवलेली किंवा व्हिनेगरमधली, शेपू, मोहरी, कांदा घातलेली. १९९९पासून युरोपात या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे बहुतांश काकडी इथलीच असायला हवी. धक्क्यावर पिंपांतून सुटी विकतात. आप्पांना मिठातली आवडली, मला मोहरीची. शेतात ती कशी काढतात हे ट्रेनमधून दिसलं होतं, ट्रॅक्टरला दोन्ही बाजूंनी विमानाच्या पंखांसारखे लांब पाट आणि त्यावर माणसं पालथी झोपलेली, खाली हात सोडून काकडी तोडत जातात. बहुतेक मजूर पोलंड-रुमानियातून हंगामाला येतात. उसाच्या तोडणीला आपल्याकडे बीडहून टोळ्या येतात तशीच ही माणसं. बरणी उघडताना ते पाठमोरे आकार आठवतात मला.

संध्याकाळी डास. प्रचंड. पाणथळ जागेत जुलैत जाणाऱ्यांनी लांब बाह्यांचे कपडे घ्याच.

सोमवार

सकाळी पाऊस म्हणून लेडेच्या उघड्यावरच्या म्युझियममध्ये गेलो, जुनी सोर्ब घरं उचलून आणून पुन्हा उभी केलेली. एकाच पलंगावर अख्खं कुटुंब झोपायचं ते आईने बारकाईने पाहिलं. पण खरी गंमत बाहेर आल्यावर, पिवळी होडी घेऊन पोस्टवाली आली. लेडेत एप्रिल ते ऑक्टोबर पत्रं आणि पार्सलं होडीनेच जातात, शंभराहून जास्त वर्षं झाली याला. धक्क्यावर लावलेल्या पेट्यांत ती होडीतूनच पत्रं टाकत गेली. एका घरी गवत कापायच्या मशीनचं खोकं उतरवलं, एकटीने, तोल न जाता. आप्पा काठाकाठाने तिच्याबरोबर चालत गेले, जिथवर वाट होती तिथवर.

रात्री बर्लिनला परत.

मंगळवार

यावेळी तीच लाइन पुढे, झेन्फ्टेनबेर्गपर्यंत. हा लाउझित्सचा भाग, कोळशाचा. पूर्व जर्मनीची वीज इथल्या तपकिरी कोळशावर चालायची. हा कोळसा उघड्या खाणीतून काढतात, म्हणजे आधी वरची जमीन, जंगल, गाव, सगळं उचलायचं. शंभराहून जास्त गावं पूर्ण किंवा अर्धी गेली, त्यातली कितीतरी सोर्बांची. खाणी संपल्यावर राहिले ते प्रचंड खड्डे, आणि आता एकेक करून त्यात पाणी भरून तळी केली जाताहेत.

झेन्फ्टेनबेर्गचं तळं त्यातलं जुनं, १९६७ ते १९७२ भरलं, १९७३ला पहिला बीच उघडला. आता पाहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पांढरी वाळू, पाईनची झाडं, पाण्यात मुलं, पाणी स्वच्छ. मनू आणि नवरा पोहले, मी गुडघाभर, आई साडी वर खोचून कडेने चालली. तळ्याभोवती अठराएक किलोमीटरचा सायकलरस्ता आहे, सपाट, आम्ही दोघांनी संध्याकाळी पूर्ण केला.

आप्पांना कळलं की हे तळं कागदोपत्री साठवण तलाव आहे, श्वार्झे एल्स्टर नावाची नदी याच्यातून सांभाळतात, पूर आला की पाणी इकडे, नदी आटली की इकडून तिकडे. म्हणाले, म्हणजे धरणच की हे. मग ती नदी बघायला गेलो तर एवढीशी. २०१८पासून लागोपाठ तीन उन्हाळे ती इथे कोरडी पडली होती. खाणींसाठी भूजल इतकं खाली ओढलंय की नदीखालची जमीनच पाणी पिऊन टाकते.

मग कोशेनचा कालवा पाहिला. २०१३मध्ये सुरू झालेला, साधारण किलोमीटरभर लांब, झेन्फ्टेनबेर्गचं तळं आणि गायर्सवाल्डचं तळं जोडणारा, आणि तो हायवेच्या खालून आणि या नदीच्याही खालून जातो! म्हणजे वर नदी वाहतेय आणि खालून बोटी. आप्पा म्हणाले आम्ही ओढ्यावरून कालवा नेत होतो, यांनी नदीखालून नेला. वहीत त्यांनी त्याचं चित्र काढलं, लॉकच्या दारासकट, बाण दाखवून.

बुधवार

गंजलेला खिळा. खरंच हेच नाव आहे लोकांच्या तोंडी, ३० मीटर उंच लोखंडी मनोरा, मुद्दाम गंजू देण्याच्या पोलादाचा, २००८मध्ये बांधलेला, दोन तळ्यांच्या मधल्या कालव्यापाशी. आई-आप्पांना टॅक्सीने आणलं, आम्ही सायकलने. १६२ पायऱ्या. आप्पा प्रत्येक वळणावर थांबत पण वर आले.

वरून सगळीकडे पाणी. झेडलित्सचं, गायर्सवाल्डचं, पार्टवित्सचं, एकापाठी एक, आणि क्षितिजावर वीजकेंद्राची वाफ. काही काठांवर अजून झाड नाही, नुसती पिवळी वाळू, आणि पाट्या की इथे पाय ठेवू नका, जिवाला धोका. का तर ती वाळू खाणीतून काढून सैल टाकलेली आहे, आता भूजल परत वर येतंय, पाणी कणांत शिरलं की अख्खा काठ एका क्षणात पातळ होऊन वाहतो. म्हणून तो आधी खोलवर हादरे देऊन, स्फोट करून दाबून घ्यावा लागतो. पाणीही सुरुवातीला व्हिनेगरसारखं आंबट असतं, दगडातल्या गंधकामुळे, मासा जगत नाही. मग बोटीतून चुना फवारत फिरतात, वर्षानुवर्षं. आपण पर्यटक येऊन म्हणतो काय सुंदर निळं पाणी, पण त्या निळ्याच्या मागे एवढं काम आहे आणि ते संपलेलं नाही.

मनोऱ्यापाशी इथे सोर्नो गाव होतं. खाणीत गेलं. कालव्याला फक्त नाव उरलं.

आप्पा खाली आल्यावर बाकावर बसले आणि त्यांनी उजनीचं सांगितलं. मी आधी कधी ऐकलं नव्हतं. नोकरीची पहिली वर्षं, सत्तरच्या दशकात, धरणाचं काम चालू, आणि यांचं काम होतं बुडीत क्षेत्रात पाणी कुठवर येणार ते आखून खुणा करायच्या. लोक अंगणात बसलेले असायचे आणि हे त्यांच्या भिंतीवर खूण करायचे. एका म्हातारीने विचारलं, चुन्याची रेघ घराच्या वर आहे का खाली. यांनी सांगितलं वर. तिने यांना ताक दिलं प्यायला. आता उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, लोक फोटो काढायला जातात, भिगवणला रोहित पक्षी बघायला जातात, मीही कॉलेजात असताना गेले होते, आप्पा तेव्हा आले नव्हते. त्याचं कारण आज कळलं.

आईने त्यांना दशमी दिली. आम्ही बराच वेळ तिथेच होतो.

गुरुवार

घरी. कपडे धुतले, आप्पा झोपले.

शुक्रवार, २१ जुलै

श्वेड्टपर्यंत ट्रेन आणि मग बसने क्रीवेन. ओडर नदीचा काठ, पलीकडे पोलंड. इथे १९९५पासून नॅशनल पार्क आहे, नदीकाठच्या पूरमैदानासाठीचं जर्मनीतलं एकमेव. कालव्यावरचा पूल ओलांडला की दोन-तीन किलोमीटर रुंद सपाट कुरणं, त्यात तळी, बोरू, लव्हाळी, आणि मधून सायकलरस्ता असलेला बांध.

हे कसं चालतं ते सांगते कारण आप्पांसाठी हा सगळ्या सहलीतला मोठा दिवस होता. नदीच्या लगेच कडेला एक ठेंगणा बांध, उन्हाळ्याचा. लांब, गावाच्या बाजूला उंच बांध, हिवाळ्याचा. दोन्हींच्या मधली जमीन म्हणजे पोल्डर. उन्हाळ्यात तिथे गाई चरतात, गवत कापतात. नोव्हेंबरात ठेंगण्या बांधातली दारं उघडतात आणि नदीला आत येऊ देतात, एप्रिलपर्यंत सगळं पाण्याखाली. पुराला पसरायला जागा मिळते, खालच्या शहरांवरचा भार कमी होतो, आणि हंस, बदकं, क्रौंच हजारोंनी उतरतात. शंभरेक वर्षांपूर्वीची आखणी आहे ही, डच पद्धतीची.

आप्पा बांधावर उभे राहून म्हणाले, मुद्दाम सोडतात. दोनदा म्हणाले. मग म्हणाले आपण नदीच्या या जागेत प्लॉट पाडले, बाई. सांगलीत पूररेषेच्या आत केवढी घरं झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय, कागदावर विरोध लिहिलाय, पण कागदावरच. त्यांचा आवाज असा मी पुराच्या वेळीही ऐकला नव्हता.

खुश करणारी गोष्टही घडली. करकोचे. गावात छपरावर घरटं, त्यात तीन पिल्लं उभी, आणि कुरणात मोठे करकोचे गाईंच्या पायांपाशी बेडूक टिपत. पाण्यावर काळे सुरय घिरट्या घालत होते. माहितीकेंद्रात मोठा अ‍ॅक्वेरियम आहे ओडरच्या माशांचा, तिथे मनू तासभर. तिथेच २०२२च्या ऑगस्टबद्दलही कळतं, उष्णता, कमी पाणी, वरून खाणींचं खारट सांडपाणी, त्यात एक विषारी शेवाळ माजलं आणि शेकडो टन मासे मेले. वर्षच झालं होतं त्याला. नदीकडे बघताना ते डोक्यातून जात नव्हतं, दिसायला ती शांत आणि भरलेली होती.

परतीची बस चुकली, पुढची दोन तासांनी. चर्चच्या पायरीवर बसून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी संपवली.

रविवार, २३ जुलै

शेवटचा दिवस घराजवळ, बर्लिनमध्येच, म्यूगेलझे. शहरातलं सगळ्यात मोठं तळं, आणि श्प्रे याच्यातून वाहते, तीच ल्युब्बेनाऊची श्प्रे. काठावर फ्रीडरिश्सहागेनचं जुनं पाणीपुरवठा केंद्र, लाल विटांचं, १८९३चं. बर्लिन तळ्यातून थेट पाणी उचलत नाही, काठालगतच्या विहिरींतून घेतं, पाणी वाळूतून गाळून येतं. आप्पांना हवं होतं ते उत्तर इथे मिळालं, आमच्या शहराच्या नळाचं पाणी कुठून येतं.

पण त्याच वर्षी जूनमध्ये सरकारी पर्यावरण खात्याचा अभ्यास आला होता. श्प्रेवाल्डच्या आधी लागणाऱ्या कॉटबुस शहरापाशी श्प्रेत जे पाणी वाहतं त्यातलं जवळजवळ निम्मं, कडक उन्हाळ्यात तर तीन चतुर्थांशपर्यंत, खाणीतून उपसून नदीत सोडलेलं भूजल आहे. कोळसा २०३८पर्यंत बंद करायचं ठरलंय, व्हायलाच हवा, पण खाण बंद झाली की पंपही बंद. मग श्प्रेवाल्डच्या त्या बरग्यांमागे काय अडवणार आणि या विहिरींना कुठून येणार. मी आप्पांना हे वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, साठवायला जागा बघताहेत का. म्हटलं, चर्चा चालू आहे, एल्बे नदीतून आणायचं म्हणतात, तळ्यांत साठवायचं म्हणतात. ते म्हणाले, आतापासून बघायला हवं, धरणाला वीस वर्षं लागतात.

दुपारी राह्न्सडॉर्फला गेलो. तिथे एफ-२४ नंबरची फेरी आहे, शहराच्या बससेवेचाच भाग, पण ती वल्ह्यांची होडी आहे. शनिवार-रविवारी एक नावाडी वल्ही मारत या काठावरून त्या काठावर नेतो, पात्र जेमतेम ३६ मीटर. आमचं ४९ युरोचं तिकीट तिथेही चाललं.

आप्पा आज थांबले नाहीत. पहिले तेच चढले, पुढच्या फळीवर बसले, तोंड नदीकडे करून. वल्ही पाण्यात पडली, बाहेर आली, थेंब गळले, पुन्हा पडली. मनू मोजत होती. आईने हात पाण्यात सोडला होता. मिनिटाभरात पलीकडे. आम्ही उतरायला उठलो तर आप्पा बसलेलेच.

परत एकदा जाऊ, म्हणाले, तिकीट तर तेच आहे.